वाणात आलेली तपासणी

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

सकाळी तीळगूळ. संध्याकाळी संताप.

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत आजपासून रथसप्तमीपर्यंत बायकांचं हळदीकुंकू चालतं. दर वर्षी वाण लुटतात. आजवर वाट्या आल्या, चहाच्या गाळण्या आल्या, प्लास्टिकचे डबे आले, एके वर्षी भांड्यांच्या घासण्या आल्या. माझी कधी तक्रार नव्हती. यंदा महिला मंडळाने वाण म्हणून कुपन काढलंय. त्यावर लिहिलंय : पतीची प्रोस्टेट तपासणी, पीएसए रक्तचाचणी, मोफत. तळमजल्यावर डॉ. सुमेधाची लॅब आहे, तिथे जायचं. पन्नाशीपुढच्या सगळ्या नवऱ्यांनी. मुदत रथसप्तमी.

कल्पना कोणाची, तर मंडळाच्या अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे जयमाला. जयमाला म्हणजे माझीच बायको.

मी विचारलं, हळदीकुंकवाच्या ताटात हा विषय शोभतो का. ती म्हणाली, सौभाग्याचं हळदीकुंकू ना, मग सौभाग्याची तब्येत बघितली तर बिघडलं कुठे. शिवाय मिळालेलं वाण परत करायचं नसतं म्हणे.

हे सगळं अण्णांमुळे. अण्णा म्हणजे तिचे थोरले भाऊ. दोन वर्षांपूर्वी याच दुखण्याने गेले. कळलं तेव्हा हाडांपर्यंत पसरलं होतं. तेव्हापासून तिने डोक्यात घेतलंय. पण अण्णांची केस वेगळी. ते तंबाखू खायचे, आणि नाशिकला राहायचे.

निर्णय : जाणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. वाण बाईला मिळालंय, बाईने वापरावं.

१६ जानेवारी, गुरुवार

खालच्या बागेत पुरुषांची तातडीची बैठक घेतली. अध्यक्ष मी. आठ जण आले. त्यातले दोघे मुळात मोबाईलची रेंज शोधत आले होते, पण बसले.

मी ठणकावून सांगितलं की उद्या या बायका आपले दातही वाणात काढून घेतील. कृष्णात सगळ्यांत मोठ्याने 'बराबर हाय साहेब' म्हणाला. कृष्णात पाचव्या मजल्यावर राहतो, मूळचा साताऱ्याचा, एपीएमसीत कांद्याचा गाळा आहे. मी वजनमापं खात्यात निरीक्षक असताना त्याचे काटे तपासायला जायचो. मी रिटायर झालो, तो शेजारी झाला, पण 'साहेब' सुटलं नाही. मला बरं वाटतं.

'आपलं रक्त, आपला निर्णय' अशी घोषणा मी दिली. ठराव मांडणार इतक्यात मला जरा वर घरी जाऊन यावं लागलं. आलो. पुन्हा मांडणार इतक्यात पुन्हा जावं लागलं. परत येईपर्यंत विषय पार्किंगवर गेला होता. या लोकांना कशाचंच गांभीर्य नाही.

चहा कमी करायला हवा. बाकी काही नाही.

१९ जानेवारी, रविवार

बेलापूरला लग्नाचं रिसेप्शन. येताना पाम बीच रोडवर मी टॅक्सी थांबवायला लावली. जयमालाने विचारलं काय झालं. म्हटलं, तुला फ्लेमिंगो दाखवतो. ती गाडीतच बसली. मी खाडीकडच्या झाडीत बराच वेळ फ्लेमिंगो शोधले. नव्हते. पुढे नेरुळला पुन्हा थांबलो. तिथे जयमाला म्हणाली, इथे पण फ्लेमिंगो का. तिचा स्वर मला आवडला नाही.

शहराचं एवढं प्लॅनिंग केलं, रस्ते बघा, उद्यानं बघा. पण माणसाला ज्या जागी गरज असते त्या जागी नेमकी सोय नसते. सविस्तर पत्र लिहिणार आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

विचार केला. माझा विरोध तपासणीला आहे, तब्येतीला नाही. तब्येतीचं मी माझं बघून घेईन.

कोपऱ्यावरच्या जिममध्ये सनी नावाचा ट्रेनर आहे. तो 'प्रोस्टो पॉवर गोल्ड' नावाच्या कॅप्सूल विकतो. डबीवर सिंह आहे. आत अमेरिकेतल्या कुठल्याशा बुटक्या ताडाच्या फळाचा अर्क, भोपळ्याच्या बिया, जस्त वगैरे. डबीवर स्पष्ट छापलंय : आपली प्रोस्टेट लेव्हल उंचावा. मी सनीला दोन-चार खोचक प्रश्न विचारले. इतकी वर्षं लबाड व्यापारी ओळखण्यात गेली, मला कोण फसवणार? त्याने सरळ डोळ्यांत बघून सांगितलं, 'अंकल, तुमी टेन्शन नका घेऊ. रोज दोन टाका, आतली सिस्टम एकदम मक्खन.' पोरगा प्रामाणिक वाटला.

व्यायामाचा एक व्हिडिओही पाठवला. लागली की जायचं नाही. धरून ठेवायचं. जितकं धराल तितकी ताकद.

शास्त्रीय आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

भोपळ्याच्या बिया बाहेर महाग मिळतात म्हणून कृष्णातला सांगितलं. त्याने मार्केटमधून लाल भोपळे पाठवले. पोतंभर. बिया निघाल्या मूठभर, उरला भोपळा. काल भोपळ्याची भाजी, आज सकाळी भरीत, संध्याकाळी घारगे. उद्या सांबार आहे, त्यात काय आहे ते विचारलं नाही.

जयमाला नुसती भोपळा चिरते. चिरताना सुरी जरा जोरात आपटते.

२४ जानेवारी, शुक्रवार

विश्वासघात.

कृष्णातने तपासणी केली. गुपचूप. सकाळी गाळ्यावर जायच्या आधी लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आला. त्याची बायको उज्वला हिने म्हणे वाण देवघरात ठेवलं आणि सांगितलं की तुम्ही जाईपर्यंत मी ते तिथून हलवायची नाही. एवढ्यावर गडी आडवा.

आकडा आला शून्य पॉइंट आठ. शून्य पॉइंट आठ! आणि हा माणूस पेढे घेऊन दारात. म्हणतो, 'साहेब, लई हलकं वाटतंय बगा.' मला त्याची दया आली. धड एकसुद्धा भरला नाही आणि आनंद काय! मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, कृष्णातराव, होतं असं, पुढच्या वेळी बघू. तो जरा गोंधळला.

मग म्हणाला, तुम्ही पण जाऊन या. मी म्हटलं, मला काही त्रास नाही, सगळं बरोबर चालू आहे. त्यावर काय म्हणावं! 'आवो साहेब, माजा काटा बराबर हाय म्हनून मी शपथ घालायचो, तरी तुमी वजनं लावून बगायचाच की दर वर्षी.'

उदाहरण पूर्णपणे गैरलागू. काटा लोखंडाचा असतो.

पेढा मात्र चांगला होता. तीन खाल्ले.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदनानंतर दर वर्षीप्रमाणे माझं भाषण. यंदा धरून ठेवण्याचा व्यायाम चालू असल्यामुळे दोन वाक्यांत आटोपावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत प्रथमच.

घोळक्यात कळलं की आणखी तिघं जाऊन आलेत. बी विंगमधल्या आशुतोषचा एक पॉइंट चार. बाकीचे दोघे दोन पॉइंटच्या आसपास. आघाडी फुटली आहे. पण माझं लक्ष आकड्यांकडे गेलं. सगळी सोसायटी धरली तरी कोणाला तीन गाठता आलेलं नाही!

घरी येऊन शांतपणे विचार केला. ही मंडळी तयारीशिवाय परीक्षेला बसली. मी कॅप्सूल घेतोय, बिया खातोय, व्यायाम करतोय. मी बसलो तर पहिला येणार हे उघड आहे. शाळेत माझा नंबर कधी वर आला नाही, खात्यात बढती ज्येष्ठतेने मिळाली. एकदा तरी गुणवत्तेवर काहीतरी व्हायला हवं.

धोरणात बदल : जाणार. पण पूर्ण तयारीने, शेवटच्या घटकेला.

जयमालाने सुमेधाचं पत्रक आणून दिलं, तपासणीआधी वाचा म्हणाली. वाचलं नाही. मी स्वतः खात्याची पत्रकं काढलेला माणूस आहे. पत्रकांत काय असतं मला माहीत आहे.

२९ जानेवारी, बुधवार

तयारी जोरात. कॅप्सूल दोनच्या चार केल्या. कृष्णातच्या मुलाची सायकल मागून आणली, रोज पहाटे पाम बीच रोडला फेरी. सायकलची सीट अत्यंत अरुंद आणि कडक आहे, पण सनी म्हणतो प्रेशर जितकं जास्त तितका फायदा.

लघवीला जळजळ सुरू झाली. अंगात थोडी कसर. सनीला फोन केला. 'अंकल, डिटॉक्स चाललंय, कचरा बाहेर पडतोय.' म्हणजे लागू पडतंय.

धरून ठेवण्याच्या व्यायामात आता एक वेगळीच अडचण. धरून ठेवतो, पण मग सोडायचं म्हटलं की सुरूच होत नाही. उभा राहून राहून पाय दुखतात. नळ सोडून बघितला. शिट्टी वाजवून बघितली. बाहेरून जयमालाने विचारलं, गाणं कसलं म्हणताय.

ताकद वाढली की असं होत असावं.

३१ जानेवारी, शुक्रवार

वाद झाला.

मंडळातल्या बायका तिला रोज विचारतात म्हणे, तुमच्या ह्यांचं झालं का? हिचीच कल्पना आणि हिचाच नवरा शिल्लक. मी म्हटलं, थोडा धीर धर, माझं एक धोरण आहे. ती म्हणाली, कसलं धोरण. मी म्हटलं, सरप्राइज आहे. त्यावर ती इतकंच म्हणाली की अण्णाही म्हणायचे, बघू, दिवाळी होऊ दे, मग जाऊ.

मला राग आला. मोठ्याने बोललो. मी म्हणजे अण्णा आहे का, उठसूट अण्णा कशाला काढायचे. ती आत गेली. मी गॅलरीत उभा राहिलो. अण्णांना शेवटी भेटायला गेलो होतो ती खोली आठवली. त्यांनी माझा हात धरला होता आणि हातात काही वजनच नव्हतं.

विषय बंद. उद्या सायकल लांब न्यायची.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

रक्त दिलं.

क्रम असा : पहाटे सायकल, पार नेरुळच्या पुढपर्यंत. मग चार कॅप्सूल. मग तसाच घामाघूम लॅबमध्ये. सुमेधाने विचारलं, काका, दोन दिवसांत सायकल वगैरे चालवलीत का, लघवीला काही त्रास, जळजळ? मी हसलो. सगळी तयारी हिला कशी सांगणार, उद्या बाकीचे नक्कल करतील. म्हटलं, छे, कसलाच त्रास नाही, ठणठणीत. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. शंकेखोर मुलगी आहे.

जयमालाला कळलं तेव्हा ती एकदम खुर्चीत बसली आणि म्हणाली, बरं झालं बाई. डोळ्यांत पाणी. एवढ्या तेवढ्यावरून रडायची सवय.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी. दुपारी ३.

अकरा पॉइंट आठ!!

आत्ता मोबाईलवर आला. तीनदा चष्मा पुसून पाहिला. शेजारी ठळक इंग्रजी अक्षरांत 'हाय' छापलंय, म्हणजे उच्च. बाजूला बारीक अक्षरांत शून्य ते चार असं काहीतरी आहे, म्हणजे सर्वसाधारण माणसाची मजल चारपर्यंत. मी तिथून जवळजवळ तिप्पट. आणि कृष्णात शून्य पॉइंट आठवर पेढे वाटतो!

सुमेधाचे दोन मिस्ड कॉल. अभिनंदनाला असणार. उचलत नाही. जयमालालाही आत्ता सांगत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये शेवटचं हळदीकुंकू आहे. सगळ्यांसमोर सांगणार. इतके दिवस तिने खाली मान घालून ऐकलं, आज ताठ मानेने ऐकू दे.

तीच तारीख. रात्री.

लिहवत नाही, तरी लिहितो.

हॉलमध्ये गेलो. पुरुषांना तिथे काम नसतं, पण गेलो. उखाण्यांसाठी माइक लावलेला होता, तो हातात घेतला. म्हटलं, मंडळाच्या उपक्रमाला विरोध करणारा मी पहिला होतो, हे मान्य. पण आज सांगायला आनंद होतो की संपूर्ण सोसायटीत सर्वांत जास्त पीएसए माझा आला आहे. अकरा पॉइंट आठ. दुसऱ्या क्रमांकापेक्षा कितीतरी पुढे.

टाळ्यांसाठी थांबलो.

कोणी वाजवल्या नाहीत. उज्वलाच्या हातातली अत्तरदाणी तशीच राहिली. मागच्या रांगेतून सुमेधा उठून पुढे यायला लागली. जयमाला कोणाला तरी कुंकू लावत होती. तिने करंडा खाली ठेवला, झाकण लावलं, माझ्यापाशी आली, माझ्या हातातून माइक घेऊन बंद केला आणि म्हणाली, घरी चला.

सुमेधा मागोमाग घरी आली. समजावून सांगितलं. आकडा कमी असलेला चांगला. चारच्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवायचं. अकरा म्हणजे कॅन्सरच असं नाही, काका, दुसरीही कारणं असतात, पण थांबायचं नाही. ती फार सावकाश बोलत होती. आजाऱ्याशी बोलतात तशी.

जयमालाने तिला तीळगूळ दिला. हळदीकुंकवाला आलेली बाई म्हणून.

५ फेब्रुवारी, बुधवार

लॅबमध्ये गेलो. यंत्राची पडताळणी शेवटची कधी झाली याची चौकशी केली. एवढा आकडा म्हणजे यंत्रातच खोट असणार, हा माझा अनुभव बोलतो. सुमेधाने प्रमाणपत्र दाखवलं. गेल्याच महिन्यातलं. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. मी चूक शोधली. मिळाली नाही.

परत येताना लिफ्टमध्ये कृष्णात भेटला. माझ्या मजल्यावर माझ्याबरोबर उतरला, दारापर्यंत आला, आणि मग जिन्याने वर गेला. मला चीड आली. दारापर्यंत सोडायला मी काय म्हातारा आहे का?

भीती वाटते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाशीला युरॉलॉजिस्टकडे. एकटा गेलो. जयमाला येते म्हणाली होती. मी म्हटलं, जत्रा न्यायची नाही. बाहेर बसलेल्या सगळ्या पुरुषांबरोबर बायका होत्या आणि सगळ्यांच्या फायली बायकांच्या मांडीवर. माझी मांडी मोकळी, फाइल सारखी घसरून पडत होती.

डॉक्टर मितभाषी. प्रश्न विचारले. मी मोजकी उत्तरं दिली, सगळं साधारण ठीक असंच सांगितलं. मग त्यांनी ती तपासणी केली. बोटाने. कोणी बोललं नाही तरी जिच्या भीतीने आमचे आठ जण बागेत जमले होते ती. सुरू झाली म्हणेपर्यंत संपली. मी छताकडे बघून आमच्या खात्याचे नियम आठवत होतो, एकही पुरा आठवून झाला नाही.

मग त्यांनी तिथेच करून घेतलेली लघवीची तपासणी पाहिली, सोनोग्राफी पाहिली, आणि विचारलं की अलीकडे काही वेगळं केलंत का. आता काय लपवायचं! सायकल, चार कॅप्सूल, धरून ठेवण्याचा व्यायाम, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. पेन मात्र खाली ठेवलं. म्हणाले, लघवीत इन्फेक्शन आहे, मूत्राशय नीट रिकामं होत नाहीये, त्यात तुम्ही धरून बसलात, वर सायकल. आकडा चढायला जे जे लागतं ते सगळं तुम्ही मन लावून केलंत. यातला तुमचा किती आणि आजाराचा किती, हे आज मला सांगता येत नाही.

अँटिबायोटिक. कॅप्सूल बंद, सायकल बंद, व्यायाम बंद. दीड महिन्याने पुन्हा रक्त, मग एमआरआय.

म्हणजे दीड महिना काही कळणार नाही. हे कसं काढायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सनीला जाब विचारायला जिममध्ये गेलो. तावातावाने. तो म्हणाला, 'अंकल, रिझल्ट बॉडी टू बॉडी डिपेंड असतो ना.' आणि मला 'प्रोस्टो पॉवर डायमंड'ची डबी दाखवली. तिच्यावर दोन सिंह आहेत.

मी त्याला खूप बोलणार होतो. वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्यांना बोलायचो तसं. पण मला लागली होती. आणि धरून ठेवायची आता मनाई. त्याच्याच जिमच्या बाथरूममध्ये गेलो. परत आल्यावर पुन्हा रागवायचं अवघड जातं.

१३ मार्च, गुरुवार. होळी.

या दिवसांत वहीला हात लावला नाही. काय लिहिणार?

जळजळ थांबली. बाकी वाट बघणं. होळीपाशी उभा होतो तर जो तो येऊन हळू आवाजात विचारतो, साहेब, कसं वाटतंय. आशुतोषने बसायला खुर्ची आणून दिली. मला त्या खुर्चीवर त्यालाच बसवावंसं वाटलं. एका माइकपायी सगळ्या सोसायटीला माझ्या शरीरातल्या एका ग्रंथीचा आकडा पाठ झालाय. बी विंगच्या वॉचमनलासुद्धा.

वैताग येतो. औषधाचा येतो, लोकांच्या प्रेमाचा येतो, बसून राहण्याचा येतो. सकाळी जयमालावर ओरडलो, पुरणात वेलची जास्त झाली म्हणून. तिने माझ्या ताटातली पोळी उचलून स्वतःच्या ताटात घेतली आणि खाल्ली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मला काही झालं तर ती या घरात एकटी. मुलगी क्षिप्रा पुण्याला. गॅसचा नंबर, लाइट बिल, मेंटेनन्स, सगळं मी बघतो. तिला सगळं दाखवायला हवं. दाखवायला घेतलं की ती उठून जाते.

२१ मार्च, शुक्रवार

पुन्हा रक्त. या वेळी सुमेधाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर. संध्याकाळी आकडा आला. पाच पॉइंट दोन. उतरला. पण चारच्या वरच. सोमवारी एमआरआय.

उतरला म्हणून खूश व्हायचं की वर आहे म्हणून घाबरायचं हे सुमेधाला विचारलं. ती म्हणाली, काका, दोन्ही नको, शुक्रवारी डॉक्टरांकडे जा. या वेळी काकूंना घेऊन जा.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.

जयमाला बरोबर आली. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही, आधीच साडी नेसून बसली होती. फाइल तिच्या मांडीवर होती. पडली नाही.

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. फार वेळ पाहिला. मग म्हणाले, संशयास्पद काही दिसत नाही. ग्रंथी बरीच वाढली आहे, आकडा त्यानेही वर राहतो. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पण मूत्राशय रिकामं होत नाही ते खरं दुखणं. अजून काही महिने असेच काढले असते तर किडनीवर आलं असतं. गोळी रोज घ्यायची. चांगलं झालं, वेळेवर आलात.

माझा श्वास मोकळा झाला. मी सांगायलाच लागलो की वेळीच तपासणी करून घेण्याचा निर्णय आमच्याकडे पूर्ण विचारांती... डॉक्टरांनी मध्येच विचारलं, रात्री किती वेळा उठता?

मी म्हटलं, एकदा. फार तर. गेल्या वेळीही हेच सांगितलं होतं.

जयमाला म्हणाली, 'पाच. थंडीत सहा.'

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. जुना आकडा खोडला, तिचा लिहिला आणि गोळी बदलून दिली.

मी हे या वहीतही कधी लिहिलं नव्हतं. लाइट लावत नाही, चपला घालत नाही, भिंतीला हात लावत जातो, कडी बोटाने दाबून हळू सरकवतो. दोन वर्षं तरी झाली असतील. मला वाटायचं, जमलंय.

रिक्षात विचारलं, तुला कसं कळायचं? ती बाहेर बघत होती. म्हणाली, वहिनी सांगत होती, अण्णा रात्री कितीदा उठायचे तिला ठाऊकच नव्हतं, तिला झोप लागायची. 'त्यांचं कोणी मोजलं नाही हो. तुम्ही उठलात की मी जागी होते. तुम्ही परत येऊन पडलात की मग माझा डोळा लागतो.'

मी हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला. जितकी माझी झोप मोडली तितकीच तिची. रोज. आणि दिवसा मी हिच्यावर भोपळ्यावरून, वेलचीवरून ओरडत होतो. लाज वाटली. तिला सांगितलं, चुकलं माझं. ती म्हणाली, सुटे आहेत का, रिक्षावाल्याला द्यायला.

जेवण झाल्यावर ती जरा पडते म्हणाली. तेव्हापासून झोपली आहे. इतकी गाढ झोपलेली मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. चहाची वेळ झाली तरी हाक मारली नाही.

मला मगाशी लागली. धरून ठेवायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. पण आमचं बाथरूम बेडरूममधून आहे आणि फ्लश तिच्या उशाशीच वाजतो. बाहेरचं दार हळूच ओढून घेतलं आणि पाचव्या मजल्यावर कृष्णातकडे जाऊन आलो. त्याने बाथरूमचा लाइट लावून दिला.